या चुका टाळा: फोटोतली जांभळी कड काढता काढता शालूचा काठ उडवू नका

मागच्या लगनसराईत एका लग्नाचा अल्बम दिला आणि चार दिवसांनी नवरीच्या मावशी तोच अल्बम घेऊन दुकानात आल्या, म्हणे भाऊ, शालूचा काठ चांगला जांभळा होता, इथं राखेसारखा काहून दिसून राहिला? पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. दुपारचं लग्न, मंडपाच्या फटीतून ऊन थेट दागिन्यांवर, सगळ्या सोन्याच्या कडेला जांभळी रेघ आली होती आणि ती काढायला मी लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीफ्रिंजचा (कडेचा रंग उडवणाऱ्या टूलचा) जांभळा स्लायडर सरळ 20 वर नेऊन तेच सेटिंग सगळ्या फोटोंवर सिंक केलं होतं. रेघ गेली, आणि काठावरच्या बारीक बुट्ट्यांचा रंगही तिच्यासोबत गेला. ती पानं माझ्या खर्चानं परत छापून दिली. आमच्या यवतमाळकडं गावोगावी पोरं आता कॅमेरा घेऊन लग्नं करतात, त्यांच्या फोटोतही मला हीच चूक दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक ही की कड कोणत्या प्रकारची आहे हे न पाहता स्लायडर ओढायचा. प्रकार दोन आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा आहे. लेन्सची काच प्रत्येक रंगाचा प्रकाश सारखा वाकवत नाही, निळा जास्त वाकतो, लाल कमी. हा त्रास कमी करायला दोन वेगळ्या काचांची जोडभिंगं फार आधीपासून बनतात, जॉन डोलंडनं त्याचं पेटंट 1758 मध्ये घेतलं, पण त्रास पूर्ण गेलेला नाही, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या आपल्या किट लेन्समध्ये तर बिलकूल नाही.

पहिला प्रकार फोटोच्या कोपऱ्याकडं दिसतो. मे महिन्यातलं पान झडलेलं सागाचं झाड पांढऱ्या आभाळासमोर घ्या आणि कोपऱ्यातल्या फांद्या झूम करून पहा, फांदीच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवी रेघ असेल. मधल्या फांद्या मात्र साफ. याचं कारण असं की लाल आणि निळ्या रंगाचं चित्र सेन्सरवर थोडं लहान-मोठं पडतं, त्यामुळं मधून जितकं लांब जाल तितका फरक वाढतो. अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) बारीक केलं तरी हे जात नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये हेच सगळ्यात सोपं, लाइटरूम क्लासिकमध्ये लेन्स करेक्शन्सच्या प्रोफाइल टॅबमध्ये 'रिमूव्ह क्रोमॅटिक अॅबरेशन'वर टिक करा, बस. एवढ्याशा कामाला लोक डीफ्रिंज लावत बसतात आणि निम्मी रेघ तशीच राहते.

दुसरा प्रकार फोकसच्या पुढं-मागं येतो, फोटोत कुठंही, अगदी मधोमध सुद्धा. कापसाच्या वावरात 50 एमएमच्या लेन्सनं एफ 1.8 वर, म्हणजे अॅपर्चर मोठं उघडून, झाडांच्या एका तासाचा (ओळीचा) फोटो घेऊन पहा. ज्या बोंडावर फोकस आहे त्याच्या पुढच्या बोंडांना जांभळट-गुलाबी कड, मागच्यांना हिरवी. पांढराशुभ्र कापूस आणि खाली काळी माती, मग तर ही कड लगेच डोळ्यात भरते. इथं तो टिकवाला चौकोन काही कामाचा नाही, इथं डीफ्रिंज लागतं. आणि हाच फोटो एफ 4 वर घेतला असता तर अर्धं काम शेतातच झालं असतं, कारण हा प्रकार अॅपर्चर बारीक केलं की कमी होतो. पोळ्याला बैलांच्या शिंगांवरच्या बेगडीवर ऊन चमकते तिथं जी जांभळी झाक येते तिला ओव्हरएक्सपोजरही (गरजेपेक्षा जास्त उजेड पडणं) तितकंच जबाबदार असते, म्हणून तिथं एक्सपोजर थोडं कमी ठेवून काढा, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर सावली नंतर उचलता येते.

आता डीफ्रिंज वापरायचं कसं, कारण शालूचा काठ इथंच उडतो. अंदाजानं स्लायडर ओढू नका. मॅन्युअल टॅबमध्ये डीफ्रिंजचा रंग उचलायचा पिपेट आहे, फोटो 100 किंवा 200 टक्के झूम करा आणि बरोबर त्या कडेवर क्लिक करा, सॉफ्टवेअर रंगाची रेंज आणि प्रमाण स्वतः बसवते. रंग जांभळ्या-हिरव्याच्या हद्दीत नसेल तर ते घेतच नाही, मग समजायचं की ही कड नाही, दुसरं काहीतरी आहे. मग ह्यू (रंगछटा) स्लायडर कीबोर्डवरचं अल्ट दाबून हलवा, जेवढ्या रंगावर परिणाम होणार तेवढा भाग काळा दिसते. तिथं शालूचा काठ, बैलाची जांभळी झूल किंवा वांग्याचं फूल काळं दिसलं की थांबा आणि रेंज अरुंद करा. प्रमाण 20 पर्यंत जाते म्हणून 20 वरच न्यावं असं नाही, मी आता 3-4 पासून चढतो आणि कड दिसेनाशी झाली की हात काढतो. हिरव्या स्लायडरचंही तेच, जास्त झालं की पानांच्या कडा करड्या होतात आणि सगळं झाड धूळ बसल्यासारखं दिसते.

एवढं करूनही काठाचा रंग जात असेल तर मास्कचा ब्रश घ्या. ब्रशमध्ये डीफ्रिंजचा स्लायडर उणेकडं नेऊन काठावर फिरवला की पूर्ण फोटोवरचं डीफ्रिंज तेवढ्या जागी लागत नाही. त्या लग्नाचे फोटो मी शेवटी असेच वाचवले, वेळ लागला पण काठ परत जांभळा झाला. आणि सिंक करताना डीफ्रिंज सोबत जाऊ देऊ नका, प्रत्येक फोटोत ऊन वेगळं, कपडे वेगळे.

लाइटरूमचे पैसे भरणं सगळ्यांना जमत नाही, त्याची गरजही नाही. रॉथेरपी फुकट आहे, त्यात रॉ टॅबमध्ये कोपऱ्याच्या प्रकारासाठी ऑटो करेक्शन आणि डिटेल टॅबमध्ये डीफ्रिंज मिळते. डार्कटेबलही फुकट, त्यात यासाठी दोन वेगळे मॉड्यूल आहेत. निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ फुकट मिळते, त्यात दोन्ही प्रकारांची सोय वेगवेगळीच दिली आहे. फोनवर स्नॅपसीडमध्ये यासाठी खास टूल नाही, पण ब्रशमध्ये सॅच्युरेशन कमी करून कडेवर हळूच फिरवलं तर एखाद्या फोटोपुरतं काम भागते.

कामाचा क्रमही चुकतो. पोरं आधी शार्पनिंग, क्लॅरिटी, व्हायब्रन्स सगळं चढवतात, आणि मग म्हणतात कड लय वाढली. वाढणारच, त्या सगळ्या स्लायडरांनी कडेचाच रंग जोरात केला. आधी कड काढा, मग बाकीचं. ब्लॅक अँड व्हाइट करायचं असलं तरी आधी कड काढा, नाहीतर तिथं उजळ नाहीतर काळी रेघ उरते.

अजून एक, गोंदियाकडं धानाच्या बांधीत सारस पाहायला गेलेला माझा एक दोस्त फोटो क्रॉप करून, जेपीजी सेव्ह करून मला व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि म्हणतो कड काढून दे. कोपऱ्याचा प्रकार सुधारताना सॉफ्टवेअर फोटोचा मध्य म्हणजेच लेन्सचा मध्य असं धरून चालते, एका बाजूनं कापलेल्या जेपीजीत तो मध्य सरकलेला असते, म्हणून रेघ एकीकडून जाते आणि दुसरीकडून येते. त्यात व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते, रंगाची माहिती चमक-अंधारापेक्षा जास्त कापली जाते, कड पसरून डाग होऊन जाते. मी त्याला आता मूळ रॉ फाइलच मागतो, पेनड्राइव्हवर आणली तरी चालते.

आणि उन्हाळ्यात दुपारी लांबून घेतलेल्या फोटोत कडा थरथरल्यासारख्या, वितळल्यासारख्या दिसल्या तर तिथं डीफ्रिंज लावू नका. ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे, तिला स्लायडर नाही, सकाळी सात वाजता परत जा.