बांबूच्या धनुष्याला बाण जुळवायचे कसे

माझं उदगीरजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. रब्बीत व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात आणि मला जेवायला सवड नसते. एरवी रोज सकाळी अर्धा-पाऊण तास वावरात बाण मारतो. लहानपणी तुराटीचे बाण केले होते. ते कुठंही जायचे, त्यातच मजा होती. पण बांबूचं धनुष्य घेतल्यावर बाण सारखे एक वीत डावीकडं पडायला लागले, आणि मी वर्षभर स्वतःचा हात दुरुस्त करत बसलो. हात बरा होता. बाणच फार कडक होते.

असं का होतं? आपल्या धनुष्याला मध्ये खाच नसते, बाण मुठीच्या बाजूनं निघतो. दोरी त्याला मागून ढकलते तेव्हा काडी वाकते, मुठीला वळसा घालते आणि पलीकडं सरळ होते. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये बघा, मासळीसारखी वळवळताना दिसते. काडी कडक असली तर वळसा न घालता बाजूला फेकली जाते, मऊ असली तर उलट्या बाजूला जाते.

आधी धनुष्य पक्कं करा. मूठ ते दोरी अंतर ठरवा (माझं १७ सेंमी) आणि रोज मोजा, कारण दोरी सैल पडते. कमी झालं तर दोरीला पीळ द्या. मग प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून, तुम्ही जेवढी ओढता तेवढीच ओढा. किलोला २.२ नं गुणलं की पाउंड येतात. माझ्याकडं २७ इंचावर १६ किलो, म्हणजे ३५ पाउंड.

आता काड्या. माझ्या किनवटकडच्या बांबूच्या कामट्या घासून केलेल्या आहेत आणि दोन काड्या कधी सारख्या निघत नाहीत, म्हणून मोजायलाच लागतं. फळीवर २६ इंच अंतरानं दोन खिळे ठोका, त्यावर काडी आडवी ठेवा आणि बरोबर मध्ये ९०७ ग्रॅम वजन टांगा. किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवीत वाळू मोजून घेतली की झालं. काडी किती मिलिमीटर झुकली ते बघा आणि ६६० ला त्यानं भागा. आलेला आकडा म्हणजे काडीची ताकद पाउंडात. २० मिमी झुकली तर ३३. खाच नसलेल्या धनुष्याला त्याच्या ओढीएवढी किंवा चार-पाच पाउंड कमी ताकदीची काडी घेऊन सुरुवात करा. बांबू एका कुशीवर कडक असतो, म्हणून काडी फिरवून दोनदा मोजा, कडक कुशीवर पेन्सिलची खूण करा आणि सगळ्या बाणांत ती खूण धनुष्याकडंच ठेवा. वजनही तोला: ओढीच्या एका पाउंडाला ९ ग्रेन (साधारण १५ ग्रेन म्हणजे १ ग्रॅम) धरलं तर माझ्या बाणाला २० ग्रॅमच्या खाली जायचं नाही. हलक्या बाणानं धनुष्य तडकतं.

खरी परीक्षा बिनपिसाच्या बाणाची. पिसं चूक झाकतात. पिसं लावलेले तीन आणि बिनपिसाचे दोन बाण घ्या, बिनपिसाच्या बुडाशी पिसांच्या वजनाएवढी चिकटपट्टी गुंडाळा. कडब्याच्या पेंढ्या रचा, मागं मातीचा बांध हवा आणि पलीकडं माणूस-जनावर नको. वारा सुटायच्या आत, १० मीटरवरून मारा. बाण कडब्यात तिरका रुतला म्हणून घाबरू नका, तो कोन फसवतो. कुठं लागला तेवढंच बघा.

आधी वरखाली बघायचं. बिनपिसाचा पिसांच्या बाणांपेक्षा खाली लागला तर दोरीवरची बाण लावायची गाठ खाली घ्या, वर लागला तर वर. बाण दोरीला काटकोनात बसतो त्या जागेच्या १ सेंमी वरून सुरुवात करा. हे जमेपर्यंत डावं-उजवं बघूच नका.

मग डावं-उजवं (डावखुऱ्यांनी उलटं वाचा). बिनपिसाचा डावीकडं गेला तर काडी कडक आहे. टोकाचं वजन वाढवा. मी दुकानातली तांब्याची तार टोकामागं गुंडाळतो, एका वेळी १ ग्रॅम. तेवढ्यानं भागलं नाही तर काचेच्या तुकड्यानं काडी हलकीच खरवडा आणि परत खिळ्यांवर मोजा. उजवीकडं गेला तर काडी मऊ: तार काढा, नाहीतर पुढून अर्धा सेंमी कापा, टोक परत बसवा आणि मारून बघा. अर्धाच!

हे अनुभवाचं आहे. एका शनिवारी दिव्याच्या उजेडात मी सहाच्या सहा काड्या एकदम दीड इंच कापल्या. सकाळी सगळ्या डावीकडं. कापलेली काडी वाढत नाही. चार काड्या तार गुंडाळून सावरल्या, दोन लेकरांनी टोमॅटोच्या रोपांना लावल्या. काडी ओढीच्या लांबीपेक्षा इंचभर तरी लांब ठेवाच, नाहीतर टोक मुठीत शिरतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तार आणि गाठ एकदम बदलली तर काय लागू पडलं ते कळत नाही. बिनपिसाचे बाण पिसांच्या बाणांजवळ लागायला लागले की १५ मीटरवर जा, मग पिसं लावा. एका बाणाची तिन्ही पिसं पक्ष्याच्या एकाच पंखाची हवीत, आणि हाताच्या मुठीवर बाण ठेवणाऱ्यांनी पिसाचं पुढचं टोक दोऱ्यानं बांधून वर डिंक लावा. नाहीतर जाताना ते बोट चिरतं.

माझ्या दुकानाच्या दाराआड खडूनं लिहिलंय: ओढ ३५, काडी ३२, लांबी २९ इंच, तार २ ग्रॅम, दोरी १७. खाली कुणीतरी मोटारीच्या उधारीचा हिशोबही लिहून ठेवलाय, तो मात्र अजून जुळलेला नाही.