थंडीत न तडकणारा स्फटिक वाढवताना

प्रकाश पडला की ज्यातून वाहणारा विद्युतप्रवाह वाढतो आणि त्यावरून प्रकाश मोजता येतो, असा माझा पहिला स्फटिक 150 केल्विनच्या (उणे 123 अंश सेल्सिअस) आसपास तडकला. निव्वळ मिथिलअमोनियम लेड ब्रोमाइडचा, नारिंगी, आरपार दिसणारा. थंड होताना याची रचना 237 केल्विनजवळ बदलते आणि 150 च्या आसपास पुन्हा बदलते. त्या ताणाने तडे जातात, मग प्रकाश मोजणार कशाने? म्हणून थोडं डायमिथिलअमोनियम मिसळायचं. त्याने हे बदल खालच्या तापमानाला सरकतात, प्रमाण पुरेसं असेल तर होतच नाहीत. लिथुएनियातल्या विल्नियसच्या संशोधक गटाने 2020 मध्ये हे नीट दाखवलं.

10 मिली डीएमएफसाठी (डायमिथिलफॉर्मामाइड, हे द्रावक) लेड ब्रोमाइड 3.67 ग्रॅम, मिथिलअमोनियम ब्रोमाइड 0.90 आणि डायमिथिलअमोनियम ब्रोमाइड 0.25 ग्रॅम घ्या. काम हूडमध्ये (वाफ खेचून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे घालूनच. शिसं आहे, उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही. पुण्यात जुलैमध्ये हे क्षार बघता बघता ओलसर होतात, तेव्हा बाटली उघडी ठेवू नका.

द्रावण 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि तेलाच्या बाथमध्ये सावकाश 80 अंश सेल्सिअसकडे न्या. साखरेच्या पाकासारखं गार झाल्यावर स्फटिक येतील म्हणून वाट पाहू नका, हा क्षार तापल्यावर बाहेर पडतो. तळाशी नारिंगी ठिपके दिसले की एकच स्वच्छ ठिपका निवडा आणि ताज्या गाळलेल्या द्रावणात वाढवा. काढताना द्रावण गरमच हवं. मी एकदा चहाला गेले, बाथ बंद पडला, परत येईपर्यंत स्फटिकाच्या कडा विरघळून गोल झाल्या होत्या. बाहेर काढताच फिल्टर पेपरने टिपा; पाणी लावू नका.

द्रावणातलं डायमिथिलअमोनियमचं प्रमाण स्फटिकात जसंच्या तसं उतरत नाही. एक तुकडा विरघळवून एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणारं यंत्र) तपासा, आणि वहीत तोच आकडा लिहा.

स्फटिकाला तारा जोडायला सोनं किंवा कार्बन पेस्ट वापरा, चांदीची ब्रोमाइडशी अभिक्रिया होते. क्रायोस्टॅटमध्ये (स्फटिक थंड करायच्या बंद कक्षात) आधी निर्वात करा, मगच द्रव नायट्रोजन सोडा, नाहीतर पृष्ठभागावर दव गोठतं. मिनिटाला एक-दोन केल्विनपेक्षा घाई नको. तापमापक स्फटिक ज्यावर बसतो त्या थंड तांब्याच्या दांड्याला (बोटाला) लावून भागत नाही, तो स्फटिकाशेजारी हवा. मधल्या ग्रीसमुळे स्फटिकाचं तापमान मागे राहतं.

मोजायला थांबाल त्या प्रत्येक तापमानावर आधी अंधारातला विद्युतप्रवाह घ्या, क्रायोस्टॅटच्या खिडकीवर काळं कापड टाकून. मग 520 नॅनोमीटरचा हिरवा एलईडी लावा. थंडीत आयनांची हालचाल मंदावते, अंधारातला प्रवाह उतरतो आणि खोलीच्या तापमानाला सरकत राहणारी प्रवाहाची रेघ 77 केल्विनजवळ स्थिर होते. परत तापवतानाही तोच वेग ठेवा आणि तेच थांबे पुन्हा मोजा. थंड करतानाचा आणि तापवतानाचा असे दोन्ही वक्र जुळले, तर स्फटिक शाबूत आहे.