ओल्या कचऱ्याला सुक्याची जोड

आमच्या इमारतीच्या गच्चीवर खताची चार पिंपं आहेत आणि सहा वर्षं ती मीच सांभाळते. नवं कुणी विचारायला आलं की मी आधी खताबद्दल बोलतच नाही. आठवडाभर घरातला ओला कचरा रोज तोलून वहीत लिहा, सांगते. सालं-देठं वेगळी, टाकून दिलेलं शिजवलेलं अन्न वेगळं. तो दुसरा आकडा डोळ्यांसमोर आला की स्वयंपाकाचं माप आपोआप बदलतं. २०२२ मध्ये दुकानं, खाणावळी आणि घरं मिळून जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यातलं ६० टक्के घरांमधलं. खाण्याजोगं उरलं तर ते कुणाच्या तरी पोटात जावं. पिंपाचा नंबर शेवटचा.

पिंपाला चहूबाजूंनी आणि तळाला भोकं पाडा, विटांवर ठेवा. तळाशी वीतभर काटक्या, त्यावर सुका पाला. मग रोज एक भांडं ओला कचरा, बारीक चिरून, आणि त्यावर दोन भांडी चुरलेला पाला. कचरा कुजवणाऱ्या जंतूंना एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. ओल्या कचऱ्यात तेवढा नसतो, तो पाल्यातून मिळतो. विरजण म्हणून जुनं, अर्धवट खत मूठभर मिसळा.

पहिल्या वर्षी मी पाल्यात काटकसर केली. तिसऱ्या आठवड्यात जिन्यात वास पसरला आणि शेजारी रागावले, ते बरोबरच होतं. पिंपात हात घातला तर काळा, चिकट गाळ. हवा कोंडली होती. कचऱ्याच्या डोंगरात हेच होतं आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वीचा ताप वाढवतो. सगळं गोणपाटावर ओतलं, भरपूर पाला कालवून परत भरलं. दोन दिवसांत वास गेला. तेव्हापासून वास आला की मी औषध शोधत नाही, पाला घालते आणि ढवळते.

ओल तपासायला मूठभर घेऊन पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाला, भुगा झाला तर पाण्याचा शिपका. आठवड्यातून एकदा तळापासून उलटापालट करा. मधोमध लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा. ती हाताला कोमट तरी लागलीच पाहिजे. मोठ्या ढिगात ५५ अंश तापमान तीन दिवस टिकलं तर रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं. घरच्या पिंपात एवढी उष्णता क्वचितच येते, म्हणून रोगट झाडांची पानं त्यात नकोत. मांस-हाडंही नकोत. तेलकट अन्न थोडंसंच, मधोमध पुरून. वसतिगृहाच्या खानावळीएवढा कचरा असेल तर बायोगॅस जास्त सोयीचा: गॅस चुलीला, उरलेला पातळ रबडा (स्लरी) बागेला.

दोन-तीन महिन्यांनी कचरा ओळखू येईनासा झाला की महिनाभर मुरू द्या. मग मूठभर खत ओलं करून पिशवीत आठवडाभर बंद ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे. मातीचा वास आला तर चाळा. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. नुसत्या खतात रोप लावू नका.

आणि पानगळीत पाल्याची पोती भरून ठेवा. झाडणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, पाला जाळू नका, आम्हाला द्या. आम्हाला वर्षाला वीस पोती लागतात, आणि पावसाळ्यात कोरडा पाला कुठेच मिळत नाही.