घरात मोबाईल एक अन् शिकणारी लेकरं दोन?

शाळेचा अभ्यास मोबाईलवर, पण मोबाईल दिवसभर वडिलांच्या खिशात, शेतातल्या आखाड्यावर. परभणी-हिंगोलीकडं सहावी-आठवीच्या कितीतरी लेकरांचं असंच अडतं. आमच्याकडं हे जमलं:

१. रात्री जेवणं उरकली की बालभारतीच्या पुस्तकातल्या उद्याच्या धड्याचा क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपमध्ये स्कॅन करा आणि व्हिडिओ ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा. रोजच्या पॅकमधला उरलेला नेट नाहीतरी रात्री १२ला वायाच जातो.

२. मोबाईल रात्रीच चार्जिंगला लावा. सकाळी लाइटीचा भरवसा नाही.

३. सकाळी ६ ते साडेसात मोबाईल लेकरांचा. व्हिडिओ बिनारेंजचा चालतो. दोघांची वेळ आधीच वाटून द्या, नाहीतर निम्मा वेळ भांडणातच जातो. (आमच्या धाकट्याला पहिली पाळी दिली, तेव्हा कुठं शांतता झाली.)

४. गृहपाठ वहीत. संध्याकाळी वडील आले की सगळ्या पानांचे फोटो सरांना एकदमच पाठवा.

एक सांभाळा: मेमरी भरली म्हणून ॲपच काढू नका, उतरवलेलं सगळं जाईल. बघून झालेले व्हिडिओ तेवढे काढा.