आधी बाण काढ

अकरावीच्या पहिल्या चाचणीत एक गणित आलं होतं. २४.५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर किती वेळाने पडेल? सूत्र पाठ होतंच. आकडे भरले, वेळेला क्ष म्हटलं, सगळ्याला ४.९ ने भागलं आणि समोर आलं: क्ष² − ४क्ष + ५ = ०. दिसायला इतकं सोपं, की मी मनातून खूश झाले. पण सोडवायला घेतलं तर वर्गमुळाखाली उणे चार, म्हणजे उत्तरच नाही! तीनदा आकडेमोड तपासली. तिन्ही वेळा उणे चारच. शेवटची दहा मिनिटं त्यातच गेली आणि पुढची दोन गणितं कोरी राहिली. माझी चूक आकडेमोडीत नव्हती, त्यामुळे तिथे शोधून ती सापडणार कशी?

पुढे मी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आता बरीच वर्षं दांडिया बाजारात घरीच अकरावी-बारावीची मुलं शिकवते. दर जूनमध्ये नवी मुलं येतात आणि बहुतेक जण त्याच जागी, म्हणजे अधिक-उणे चिन्हांपाशी, अडतात. म्हणून हे त्या मुलांसाठी.

बडोद्यातल्या मराठी मुलांची आधी शब्दांशीच झटापट होते. दहावीपर्यंत मी गुजराती माध्यमात होते. तिथे स्पीड म्हणजे ‘झडप’, व्हेलॉसिटी म्हणजे ‘वेग’, ॲक्सलरेशन म्हणजे ‘प्रवेग’ आणि डिस्प्लेसमेंट म्हणजे ‘स्थानांतर’. घरी मात्र झडप घालायची ती मांजराने, कबुतरावर. पुण्याच्या आतेभावाच्या पुस्तकात हेच सगळं चाल, वेग, त्वरण, विस्थापन या नावांनी होतं. अकरावीला इंग्रजी माध्यम घेतलं आणि तिसरा संच आला. भर म्हणून, घरात आई ओरडायची, “केवढ्या वेगाने चालवतोस स्कूटर!” तिला म्हणायची असायची चाल.

वहीचं पहिलं पान या शब्दांना द्या. तिन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट नोंदवा: याला दिशा आहे की नाही. अंतर आणि चाल यांना दिशा नाही. विस्थापन (निघालो तिथून पोहोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट), वेग (दिशेसकट चाल) आणि त्वरण यांना आहे. स्कूटरचा काटा चाल दाखवतो. घरून कमाटीबागेत जाऊन परत आलात, तर किलोमीटरचा आकडा वाढलेला असेल, विस्थापन मात्र शून्य. ‘त्वरण’ या शब्दाशी जरा जपून. त्यात ‘त्वरा’ ऐकू येते, म्हणून त्वरण म्हणजे गाडी पळायला लागणं असं मुलं धरून चालतात. त्या मानाने गुजरातीतला प्रवेग मला बरा वाटतो, तो निदान घाई सुचवत नाही. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल. तो बदल कुठल्याही बाजूचा असू शकतो.

चिन्हांचं कोडं मला मामाने उलगडून दिलं. मामा रेल्वेत ड्रायव्हर होता. त्या चाचणीनंतर मी रडवेली झालेली पाहून तो मला बडोदा स्टेशनच्या पुलावर घेऊन गेला. खाली रूळ. एका हाताला अहमदाबाद, दुसऱ्या हाताला मुंबई. एका रेषेतली गती याहून स्पष्ट कुठे दिसणार?

“आधी बाण काढ,” मामा म्हणाला. “अधिक दिशा कुठली?”

मी म्हटलं, अहमदाबाद.

“ठीक. आता ती मुंबईकडे निघालेली गाडी बघ. तिचा वेग?”

“उणे.”

“पळतेय की थांबतेय?”

“आत्ताच सुटलीय. चाल वाढतेय.”

“मग त्वरण?”

मी बेधडक “अधिक” म्हणाले. मामाने नुसती मान हलवली. “अगं, तिला इंजिन कुठल्या बाजूला ओढतंय? मुंबईकडे ना? मग त्वरणही उणेच.”

म्हणजे त्वरण उणे, आणि तरी गाडी जोर धरतेय. त्या क्षणी माझ्या डोक्यातला ‘उणे त्वरण म्हणजे ब्रेक’ हा समज मोडला. थोड्या वेळाने अहमदाबादहून एक गाडी हळू होत फलाटाला लागली. तिचा वेग मुंबईच्या दिशेचा, म्हणून उणे. पण ब्रेक तिला उलट बाजूला खेचत होते, म्हणून त्वरण अधिक. घरी येऊन आम्ही आकड्यांतही करून पाहिलं. मुंबईकडे निघालेल्या गाडीचं त्वरण उणे ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर १०० सेकंदांत वेग उणे २० मीटर प्रति सेकंद होतो. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, मुंबईच्या दिशेने, आणि तेवढ्यात गाडी एक किलोमीटर गेलेली असते.

तेव्हा वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असली तर चाल वाढते, विरुद्ध असली तर कमी होते. नुसतं त्वरणाचं चिन्ह बघून गाडी पळतेय की मंदावतेय हे कळत नाही. आमच्या वर्गात हे मी पाठ करून घेत नाही. मुलांना सरळ पुलावर पाठवते.

वर फेकलेल्या चेंडूचंही तेच. सर्वांत वरच्या बिंदूला वेग शून्य होतो, पण पृथ्वीच्या ओढीचं त्वरण खाली ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग तसंच असतं. तेही शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

सरासरीचा फास वेगळा. डभोई बडोद्याहून सोयीसाठी ३० किलोमीटर धरू. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी चाल ५० असं उत्तर दरवर्षी येतं. जायला ४५ मिनिटं, यायला ३०. ६० किलोमीटरला ७५ मिनिटं लागली, म्हणजे ताशी ४८. कमी चालीत जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी तिकडे झुकली. आणि सरासरी वेग? शून्य, कारण निघालो तिथेच परत आलो.

आलेखांना घाबरू नका, पण त्यांना चित्रही समजू नका. स्थान-वेळ आलेख डोंगरासारखा दिसला की मुलं म्हणतात, वस्तू टेकडी चढून उतरली. वस्तू सरळ रेषेतच आहे, फक्त पुढे जाऊन मागे आली आहे. आमच्या वाड्याच्या लांब गॅलरीत मी हे चालून दाखवायला लावते. एकाने फरश्यांवरून चालायचं, दुसऱ्याने सेकंद मोजायचे, तिसऱ्याने कितवी फरशी ते लिहायचं. मग आलेख काढायचा. रेघ जितकी खडी, तितकी चाल जास्त. रेघ आडवी असेल तर माणूस उभा होता. उतरती असेल तर परत येत होता. पाय दुखेपर्यंत चाललेली मुलं पुढे रेषेचा चढ म्हणजे वेग हे विसरत नाहीत. रेघ वाकडी झाली की एका क्षणाचा वेग कसा काढायचा हा प्रश्न उभा राहतो. ग्रहांच्या बाबतीत तो आपल्या भास्कराचार्यांनाही पडला होता. बाराव्या शतकात त्यांनी ग्रहांच्या ‘तात्कालिक’ गतीचा विचार केला आहे. वेग-वेळ आलेखात चढ म्हणजे त्वरण आणि रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. अक्षाच्या खालचं क्षेत्रफळ उणे धरायचं, तिथेही बाणाचंच राज्य.

आणि वेग, वेळ, त्वरण, विस्थापन यांना जोडणारी ती पाठ केलेली तीन सूत्रं? त्वरण सबंध वेळ एकसारखं असेल तरच लावा. वाहतुकीत अडकत, सुटत गेलेल्या रिक्षाला ती चालत नाहीत.

आता माझ्या चेंडूकडे. मी वरची दिशा अधिक धरली होती, म्हणून ९.८ ला उणे चिन्ह बरोबर दिलं होतं. पण विस्थापन लिहिलं अधिक २४.५, कारण गच्चीची उंची २४.५ आणि उंची कधी उणे असते का? जमीन तर गच्चीच्या खाली. विस्थापन उणे २४.५ हवं होतं. मी समीकरणाला विचारत होते, चेंडू गच्चीच्या वर २४.५ मीटरवर कधी पोहोचेल? १९.६ च्या वेगाने फेकलेला चेंडू वर जाऊन जाऊन १९.६ मीटरच जातो. तो तिथे कधीच पोहोचणार नव्हता, आणि वर्गमुळाखालचं उणे चार मला हेच ओरडून सांगत होतं.

चिन्ह सुधारलं की क्ष² − ४क्ष − ५ = ०. क्ष बरोबर ५ किंवा उणे १. उत्तर ५ सेकंद. चढण वेगळी, उतरण वेगळी असे तुकडे पाडायची गरजच नाही, एका समीकरणात सगळा प्रवास येतो.

बहुतेक मुलं उणे १ वर काट मारून पुढे जातात. मारू नका. गच्चीतून फेकण्याच्या एक सेकंद आधी तोच चेंडू जमिनीवरून उडाला असता, तर गच्चीजवळून जाताना त्याचा वेग बरोबर १९.६ असता. त्यासाठी जमिनीवरून तो २९.४ मीटर प्रति सेकंद वेगाने निघायला हवा. आणि पाचव्या सेकंदाला जमिनीवर आदळताना वेग किती येतो? उणे २९.४. करून पाहा.