सिंगापूरमध्ये क्लेपॉट भात खाताना या चुका टाळा

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये (एकाच छताखाली खाद्यपदार्थांचे अनेक स्टॉल असलेल्या ठिकाणी) मिळणारा कँटोनीज, म्हणजे दक्षिण चिनी पद्धतीचा, मातीच्या भांड्यात शिजवलेला क्लेपॉट भात पहिल्या खेपेला अनेकांची निराशा करतो. कोणाला तो खारट लागतो, कोणाला कोरडा, तर कोणाला तळाशी करपलेला. दोष दर वेळी स्वयंपाक्याचा असतोच असे नाही. मातीचे भांडे मेजावर आल्यावरही आतला भात शिजत असतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळेच खाणाऱ्याच्या हातून बहुतेक चुका होतात.

पहिली चूक मागणी देताना होते. पारंपरिक स्टॉलवर प्रत्येक भांड्यात कच्चा तांदूळ नव्याने शिजवला जातो, आणि त्यावर कोंबडीचे तुकडे, खारवलेला मासा व लाप चाँग हे डुकराच्या मांसाचे गोडसर, वाळवलेले सॉसेज मांडून झाकण लावले जाते, म्हणजे सॉसेजची चरबी वितळून भातात मुरते. स्मिथ स्ट्रीटवरच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे दोनशेहून अधिक स्टॉल असलेल्या देशातल्या सर्वांत मोठ्या हॉकर सेंटरमध्ये, आजही कोळशावर क्लेपॉट भात शिजतो. अशा ठिकाणी अर्धा-पाऊण तास थांबावे लागणे नेहमीचेच. म्हणून सडकून भूक लागल्यावर रांगेत उभे राहू नये, आणि इतर स्टॉलवरचे सूप किंवा पालेभाजी घेण्याआधी भाताची मागणी नोंदवावी. भांडे दहाच मिनिटांत समोर आले, तर भात बहुधा आधीच शिजवून ठेवलेला असतो. त्याच्या तळाशी या भाताची खासियत असलेली कुरकुरीत खरवड शोधण्यात अर्थ नाही.

खरा घोटाळा सॉसपाशी होतो. येथे वापरला जाणारा काळा सोया सॉस दाट आणि गोडसर असतो, आणि थोडक्यातच भाताला गडद रंग देतो. रंग फिका वाटला म्हणून ओतत गेल्यास भात चिकट आणि खारट होतो, कारण मासा आणि सॉसेज यांचे मीठ त्यात आधीच उतरलेले असते. काही स्टॉलवर सॉस घालूनच भांडे देतात, त्यामुळे बाटली उचलण्यापूर्वी एक घास चाखावा. मेजावर तेल ठेवलेले असेल, तर भात मोकळा होण्यासाठी आधी थोडे तेल आणि मग कडेने फिरवून बेताचा सॉस घालावा. तरीही खारट झालाच, तर तळाजवळचा पांढरा भात वर घेऊन मिसळावा आणि सोबत उकडलेली पालेभाजी घ्यावी.

ढवळण्याच्या पद्धतीबद्दल खवय्यांमध्ये मतभेद आहेत. काही जण सगळेच एकत्र करतात. माझ्या मते वरचा भात तेवढा कालवावा, तळाला हात लावू नये आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे थांबावे. भांड्याच्या उष्णतेने तळाचा थर आणखी कुरकुरीत होतो आणि सुटूनही येतो. घाईने चमचा खुपसल्यास त्याचा चुरा होतो. सोनेरी-तपकिरी खरवड खावी, काळी पडलेली कडू असते, ती सोडून द्यावी. चांगली खरवड निघतच नसेल, तर थोडे गरम सूप किंवा चहा ओतून सैल करता येते. थंड पाणी मात्र ओतू नये, कारण तापलेली माती तडकू शकते.

कोंबडी हाडांसकट बारीक तोडलेली असते, त्यामुळे मुलांना भरवताना जपावे.

शाकाहारी मंडळींची फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. सॉसेज काढून द्या असे सांगून भात शाकाहारी होत नाही, कारण कालवांपासून केलेला ऑइस्टर सॉस किंवा डुकराची चरबी त्यात असू शकते. क्लेपॉटमधली वांगी तर नाव वाचून हमखास मागवली जातात, पण त्यांत बहुधा खारवलेला मासा आणि डुकराचा खिमा असतो. अशांनी शाकाहारी स्टॉल शोधावा; डुकराचे मांस वर्ज्य असणाऱ्यांनी हलाल प्रमाणपत्राची पाटी पाहावी.

राहता राहिली बसण्याची जागा. रिकाम्या मेजावर टिश्यू पेपरचे पाकीट दिसले, तर ती जागा कोणीतरी धरून ठेवलेली आहे असे समजावे. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ट्रे परत न ठेवणाऱ्यांवर कारवाई होते. पहिल्यांदा ताकीद आणि पुन्हा तसेच केल्यास दंड. भांडे ट्रेमध्येच ठेवून दोन्ही हातांनी न्यावे, कारण जेवण संपले तरी ते बराच वेळ चटका देण्याइतके गरम राहते.