जुन्या सिट्रोएनचे ब्रेक: या चुका टाळा

पहिल्या वर्षी माझी १९९० ची सिट्रोएन बीएक्स एमओटीला, म्हणजे इंग्लंडातल्या वार्षिक तपासणीला नेली. तिथल्या पोरानं मागची चाकं ब्रेकचा जोर मोजणाऱ्या रोलरवर चढवली, हँडब्रेक ओढला, पण काटा काही हलेना. "हँडब्रेक गेलाय," तो म्हणाला. गेला नव्हता. या गाडीचा हँडब्रेक पुढच्या चाकांवर असतो. मग त्यानं बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर, म्हणजे नेहमीच्या गाडीत पायाचा जोर ब्रेकच्या तेलाला देणारा भाग, शोधायला घेतला. तोही सापडला नाही, कारण तो नसतोच.

स्प्रिंगांऐवजी दाबलेल्या तेलावर आणि नायट्रोजनवर तरंगणाऱ्या सिट्रोएनच्या ब्रेकचं निदान बहुतेक वेळा इथंच फसतं. माणूस नेहमीची गाडी डोक्यात ठेवून बघतो. १९५५ च्या डीएसपासून जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम, झँटियापर्यंत योजना साधारण एकच आहे. इंजिनावरचा एक पंप तेल दाबतो आणि त्याच तेलावर सस्पेन्शनही चालतं, ब्रेकही. रेग्युलेटर १७० बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) आसपास पंपाला विश्रांती देतो आणि दाब १४५ च्या जवळ उतरला की पुन्हा कामाला लावतो. पॅडलखाली असतो तो फक्त एक व्हॉल्व्ह. पायानं तुम्ही जोर देत नाही, साठवलेला दाब सोडता, नळ उघडावा तसा. पुढच्या ब्रेकना हा दाब मुख्य लाइनमधून मिळतो, मागच्यांना मागच्या सस्पेन्शनमधून. त्यामुळं मागं माणसं बसली की मागचे ब्रेक आपसूक जोर धरतात आणि गाडी रिकामी असली की नरम राहतात. रोलरवर मागचा आकडा कमी आला म्हणून लगेच कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा भाग, खोलू नका. मागच्या सीटवर दोघांना बसवून पुन्हा मोजा.

टाकीत ब्रेक ऑइल ओतणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ब्रेक नरम लागतात, टाकीत तेल कमी दिसतं, आणि कुणीतरी कपाटातली डॉट ४ ची बाटली रिकामी करतो. सप्टेंबर १९६६ नंतरच्या युरोपातल्या गाड्यांत हिरवं एलएचएम लागतं, ते खनिज तेल आहे. त्याआधीच्या डीएसमध्ये लाल तेल. दोन्हींसाठी सीलचं रबर वेगवेगळं असतं आणि एकाचं तेल दुसऱ्याच्या रबराला फुगवून खलास करतं. ओळखायला सोपं आहे: हिरव्या तेलाचे भाग हिरवे रंगवलेले, लाल तेलाचे काळे. मात्र पन्नास वर्षांत कुणी काय रंगवलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून टाकीत डोकावून बघाच. चुकीचं तेल पडलंच, तर इंजिन चालू करू नका. ते टाकीत आहे तोवर उपसून टाकता येतं, पंपानं एकदा फिरवलं की प्रत्येक सीलचा हिशेब द्यावा लागतो.

आणखी एक गोंधळ. २००१ च्या सी५ मध्ये सस्पेन्शनचं तेल केशरी एलडीएस झालं आणि ब्रेक पुन्हा नेहमीसारखे वेगळे झाले, त्यामुळं तिथं हे सगळं लागू नाही. भारतात २०२१ मध्ये आलेल्या सी५ एअरक्रॉसचा तर या पद्धतीशी संबंधच नाही. तिच्या शॉकअब्सॉर्बरमध्ये हायड्रॉलिक कुशन आहेत, बस.

तेलाची पातळीही आतल्या उंचीच्या दांड्यानं गाडी सगळ्यात उंच करून, इंजिन चालू ठेवून बघायची. गाडी खाली बसलेली असताना बघितलं तर सस्पेन्शनमधलं तेल टाकीत परत आलेलं असतं आणि पातळी खोटी दिसते.

टिकटिक न ऐकणं

गाडी न्यूट्रलला, इंजिन गरम, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बॉनेट उघडून कान द्या. रेग्युलेटर दाब जोडताना 'टिक' करतो. दोन टिकांमध्ये अर्धा मिनिट किंवा जास्त गेलं तर निवांत राहा. चार-पाच सेकंदांना टिक येत असेल, तर बहुधा रेग्युलेटरवरचा गोळा, म्हणजे ॲक्युम्युलेटर, संपलाय. त्यातला नायट्रोजन पडद्यातून हळूहळू झिरपून जातो. नव्या गोळ्यात तो ६२ बारला भरलेला असतो. खात्री करायची असेल तर पॅडल हलकंच दाबा: प्रत्येक दाबाला टिक आली, तर साठा शिल्लक नाही, पंप थेट तुमच्या पायाला तेल पुरवतोय. पॅडलला लगेच टिक येत नसेल, पण अंतर कमीच असेल, तर तेल आत कुठंतरी झिरपतंय. हाइट करेक्टर (गाडीची उंची सांभाळणारा व्हॉल्व्ह), स्टिअरिंग, ब्रेक व्हॉल्व्ह, असं एकेक तपासत जावं लागतं.

लोक ब्रेकची तक्रार घेऊन येतात आणि पॅड बदलून जातात. गोळा स्वस्त असतो, आणि इंजिन बंद पडल्यावर जे काही ब्रेक उरतात ते त्याच्याच जिवावर. दाब उतरला की सेफ्टी व्हॉल्व्ह आधी पुढच्या ब्रेकना तेल राखून ठेवतो, सस्पेन्शन नंतर. पण राखायला काही असलं तर.

पंप करून हवा काढणं

आपल्याकडं सवय अशी: एक जण पॅडल दणादण मारतो, दुसरा निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू, उघडतो. या गाडीत ते करू नका. इंजिन चालू असतं, तेलाला दाब आहेच. निपलवर पाइप लावायचा, पाइपचं दुसरं टोक बाटलीत, आणि पॅडलवर नुसता पाय ठेवायचा.

माझी लेक मदतीला बसते. पहिल्यांदा मी "दाब" म्हटलं आणि तिनं नेहमीच्या गाडीसारखं दाबलं. आठच्या पान्यानं निपल अर्धा आटा सुटला होता, पाइप उडाला आणि हिरवं तेल थेट माझ्या चष्म्यावर. आता मी "ठेव" म्हणतो. ती विचारते, "बाबा, सोडू का?" आणि मी आधी निपल बंद करतो, मग "सोड".

मागच्या चाकांना वेगळी अडचण. गाडी घोडीवर, म्हणजे खाली लावायच्या लोखंडी स्टँडवर, चढवली की चाकं लोंबतात, हाइट करेक्टरला वाटतं गाडी फार उंच झाली, आणि तो मागचं सगळं तेल परत पाठवतो. मागच्या ब्रेकना दाबच उरत नाही. माणूस म्हणतो व्हॉल्व्ह जाम आहे. जाम काही नाही. आतला उंचीचा दांडा सगळ्यात वर ठेवा आणि थोडं थांबा.

मागचे ब्रेक चिकटणं

बीएक्स आणि झँटियाचा जुना रोग. कॅलिपर ॲल्युमिनियमचा, त्याची बैठक लोखंडी आर्मवर. हिवाळ्यात इथं इंग्लंडात रस्त्यांवर मीठ टाकतात. दोन धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी साठत जाते, कॅलिपर तिरका ढकलला जातो, पॅड एका कडेला झिजतात आणि चाक गरम होतं. नवे पॅड घालून उपयोग नाही. कॅलिपर काढा, दोन्ही बैठका तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, मग बसवा.

खाली हात घालणं

दाब असलेली गाडी एखादा पाइप सुटला की क्षणात बसते. जॅकवर विसंबू नका, घोडी हवीच. पाइप खोलण्याआधी रेग्युलेटरवरचा बाराच्या पान्याचा स्क्रू एखाद आटा सैल करून दाब उतरवा. पूर्ण काढू नका, आत छोटी गोळी असते, ती पडली तर संध्याकाळ गेली. आणि बारीक गळती बोटानं चाचपू नका. एवढ्या दाबाचं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा फिरवा, डाग दिसेल.

शेवटची चूक माझीच. आमच्या दाराचा उतार तसा किरकोळ. गाडी तीन दिवस उभी होती, पार बसलेली. इंजिन चालू न करता हँडब्रेक सोडून जरा मागं घ्यावी म्हटलं. पॅडल दाबलं, पायाखाली काहीच नाही. हँडब्रेक खेचेपर्यंत कुंपणाच्या दोन फळ्या गेल्या.